सहा ते आठ किलोमीटर

रॅली उद्यावर आली होती आणि वहिनी गाडीखाली पाठीवर आडव्या पडल्या होत्या. नुसते दोन बूट बाहेर. मोती शेजारी उकिडवा बसून त्या मागतील तो पाना देत होता आणि मनात म्हणत होता, आत्ता सांगू. चौदाचा मागितला की सांगू.

"भाऊजी, चौदाचा द्या."

त्याने चौदाचा दिला. सांगितलं काहीच नाही.

मोती हे त्याचं खरं नाव नव्हे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून मोती. पाट्या रंगवायचा धंदा त्याचा. दुकानाच्या, दवाखान्याच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. "नाव ठेवलं तेही कुत्र्याचं," असं त्याचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, म्हणायचा. पण उद्या रॅलीत धावणाऱ्या एकूण एक गाडीच्या दारावरचा आकडा मोतीनेच काढला होता. वहिनींच्या गाडीवर अकरा होता.

वहिनी इस्पितळाच्या चादरी धुलाईला नेणारी गाडी चालवायच्या. नऊ वर्षं झाली. असल्या अरुंद गल्लीतून ती गाडी मागे घ्यायच्या की दुसऱ्या कुणी सायकलही पुढे घातली नसती. त्यांचं एकच वेड, ही रॅली. हौशी लोकांची. सोमवार ते शनिवार नोकरी करणाऱ्यांची. त्यासाठी जुनी गाडी घेऊन दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी ती उघडायची, जोडायची, परत उघडायची. यंदा पहिल्यांदा नाव दिलं होतं.

दादाने एकच विचारलं होतं. "तुला गाडी येते यात वाद नाही. पण शेजारी कोण बसणार?"

"मी आहे की," मोती छाती पुढे काढून म्हणाला होता. "मला गाडीत काही होत नाही."

आता शेजारी बसणाऱ्याचं काम काय, तर वाचायचं. रॅलीआधी सगळ्यांना रस्ता एकदाच, हळू गाडीने दाखवतात. तेव्हा चालवणारा एकेक वळण बोलत जातो आणि शेजारचा लिहून घेतो. डावं तीन, पुढे साठ मीटर, उजवं पाच. आकडा जितका लहान तितकं वळण अवघड. एक म्हणजे जवळजवळ उलटं फिरायचं, सहा म्हणजे सरळच धरा. शर्यतीच्या दिवशी तीच वही शेजारचा मोठ्याने वाचतो आणि चालवणारा ऐकून गाडी सोडतो. डोळ्यांना वळण दिसायच्या आधी कानाला कळलेलं असतं. चिखलात तर सगळा खेळच कानाचा.

आणि चिखल होता. आठवडाभर हवेने नुसती थट्टा मांडली होती. सकाळी ऊन, दुपारी धो धो, संध्याकाळी पुढचा माणूस दिसणार नाही असं धुकं. वहिनींनी चिखलाचे टायर लावले, काढले, परत लावले. काचेला आतून साबण चोळला, धुकं धरू नये म्हणून. इंजिनाखाली जाड पत्रा बसवला, तोच आत्ता आवळत होत्या.

"भाऊजी, गप्प का? घाबरलात?"

"छे. मी कशाला घाबरतोय."

"मला तर पोटात कसंतरी होतंय बाई," गाडीखालून त्या हसल्या. "पण तुमची वही आहे ना. निम्मी काळजी तिथेच मिटली."

मोतीच्या हातातला पाना निसटून पायावर पडला. लागला चांगलाच. त्याला बरंच वाटलं.

झालं होतं असं. शुक्रवारी रजा टाकून रस्ता बघायला गेले. बारा किलोमीटर. पहिले सहा मजेत गेले. मग झाडी सुरू झाली, रस्ता वेडावाकडा, गाडी चिखलात नागिणीसारखी मागून हलायला लागली आणि मोती मान खाली घालून लिहितोय. पोट एकदम गळ्याशी आलं. कपाळाला घाम, तोंडात पाणी सुटलेलं. त्याने वहीवर कपाळ टेकलं आणि डोळे मिटून घेतले. वहिनी समोर बघून बोलत होत्या.

"डावं चार. लिहिलं?"

"हं."

"उजवं तीन, चाळीस. लिहिलं?"

"लिहिलं."

असं दोन किलोमीटर. नंतर पुढच्या गाडीचं चाक रुतलं, म्हणून सगळेच थांबले. मोती लघवीच्या नावाखाली उतरला, झाडामागे सगळं ओकला, तोंड पुसून परत आला आणि उरलेलं अगदी नीट लिहिलं. थांबा म्हणायला एक सेकंद लागला असता. पण 'मला गाडीत काही होत नाही' हे तोच तर म्हणाला होता.

घरी येऊन वही स्वच्छ उतरवायला बसला तर पाचवं-सहावं पान रिकामं. पुन्हा जाऊन रस्ता बघितला तर नियमाने बाद. आणि रिकामी जागा तर मोतीला कधी बघवायचीच नाही. त्याने पेन घेतलं आणि भरलं. डावं तीन, ऐंशी. उजवं पाच, पन्नास. डोक्यात येईल ते. मध्येच एकदा 'उजवं सहा, फुल, दीडशे', दीडशे मीटर पूर्ण वेगाने, असंही टाकलं, म्हणजे सगळं सारखं सारखं वाटायला नको. अक्षर इतकं देखणं आलं की दुसऱ्या दिवशी बघताना त्याचं त्यालाच वाटलं, असेलही तसं.

पत्रा आवळून झाल्यावर, शनिवारी संध्याकाळी, स्वयंपाकघरात सराव झाला. वहिनी खुर्चीवर बसल्या, डोळे मिटून, हातात स्टिअरिंग म्हणून ताट. मोती समोर स्टुलावर वही घेऊन. दादा मागे कांदा चिरत होता.

"उजवं चार, तीस, डावं दोन, आत राहा," मोती वाचायला लागला.

वहिनींचा उजवा पाय फरशी दाबत होता, डावा हात हवेत गिअर टाकत होता.

"अगं, तिसरा गिअर माझ्या पोटात गेला," दादा म्हणाला.

"मध्ये उभे राहू नका ना मग. शर्यत चालू आहे."

"शर्यत जिंकलीस तर जेवायला मिळेल का ते सांग."

"हरले तरी मिळेल. तुम्हीच करताय."

तिघंही हसले. मग पाचवं पान आलं. मोतीचा आवाज जरा उतरला. डावं तीन, ऐंशी. उजवं पाच, पन्नास. वहिनींनी एकदम डोळे उघडले.

"थांबा. इथे मी डावं तीन म्हटलं होतं?"

मोतीने वहीतून मान वर काढली नाही. कान तापले होते.

"हो... तसंच लिहिलंय."

"मला का कुणास ठाऊक, वेगळंच आठवतंय." त्यांनी ताट सरळ धरलं. "जाऊ दे. शंभर वळणं बोलले मी, मला कुठलं आठवायला. तुम्ही लिहिलंय म्हणजे म्हटलंच असणार. वाचा पुढे."

आणि त्याने पुढे वाचलं. उजवं सहा, फुल, दीडशे. वहिनींनी डोळे मिटून पाय फरशीवर जोर लावून दाबला. मोतीला तो पाय दिसत होता. घरातल्या चपलेतला, टाचेला भेगा पडलेला.

जेवण झाल्यावर भांडी पुसता पुसता दादा हळूच म्हणाला, "तुझ्या भरवशावर पाठवतोय हं." थट्टेत नाही. मोती "हो" म्हणाला आणि कोरडं ताट आणखी दोनदा पुसलं. उद्या सकाळी सांगू, असं ठरवून तो झोपायला गेला. म्हणजे आडवा झाला.

सकाळी मैदानावर पोटरीपर्यंत चिखल. पाऊस पडून गेला होता, ऊन आलं होतं, आणि पलीकडे आभाळ पुन्हा काळं व्हायला लागलं होतं. सोळा गाड्या. मोतीने काढलेले सोळा आकडे. वहिनी हेल्मेट काखेत धरून सगळ्यांशी बोलत फिरत होत्या, लग्नघरातल्यासारख्या. मोती त्यांच्या मागे मागे. आत्ता बाजूला घेऊन सांगू. हे बोलणं संपलं की.

तेवढ्यात चार नंबरच्या गाडीचा दातांचा डॉक्टर ओरडत आला. त्याची वही डबक्यात पडली होती. लिहिलेली जेल पेनने. पानांवर नुसती निळी शाई पसरलेली.

"संपलं. घरी जातो मी."

"घरी कशाला?" वहिनी म्हणाल्या. "आमची वही घ्या ना. मोतीचं अक्षर आहे, शोधून सापडायचं नाही असलं. भाऊजी, द्या."

मोतीने वही छातीशी धरली.

"वहिनी, ती... जरा..."

"अहो, काय जरा? शर्यत काय दुसऱ्याची वही भिजली म्हणून जिंकायची?" त्यांनी वही हातातून काढून घेतलीसुद्धा.

डॉक्टरने पानं उलटत फोटो काढले. काढले ते काढले, वर रॅलीच्या ग्रुपवर टाकून दिले. 'ज्यांची वही भिजली त्यांच्यासाठी.' मोतीच्या खिशात फोन थरथरायला लागला. अंगठा. अंगठा. 'छापल्यासारखं आहे.' 'वा मोती!' आणि मग एक आला: 'आमचा नंबर संध्याकाळी लागला, सहा ते आठ किमी धुक्यात काहीच दिसलं नव्हतं. देवासारखे धावलात.' त्याखाली आणखी तिघांचं, 'आम्हालाही.'

मोतीचे पाय तिथेच रुतले. आत्तापर्यंत एका माणसाशी खोटं होतं. त्यालाच तोंड देता येत नव्हतं.

शिट्टी झाली. सगळ्यांना तंबूत बोलावलं. रॅलीचे मुख्य साहेब, गळ्यात शिट्टी, पॅन्ट बुटात खोचलेली, खुर्चीवर उभे राहून नियम सांगत होते. मदतीचा झेंडा कुठे, गाडी अडकली तर काय. मोतीला एक शब्द ऐकू येत नव्हता. त्याची नजर वहिनींच्या पाठीवर. त्या पुढे उभ्या होत्या.

"काही शंका?" साहेबांनी विचारलं. "नाही ना? चला मग."

मोतीचा हात वर गेला. कसा गेला त्यालाही कळलं नाही.

"बोल मोती."

"साहेब, ती पानं... ग्रुपवरची. पाच आणि सहा. ती धरू नका कुणी."

"का? भिजली?"

"नाही. ती... मी बनवलीत."

कुणीतरी हसलं. "मग कुणी बनवणार, तूच बनवणार ना!"

"तसं नाही." त्याचा आवाज चिरकला. "मला मळमळत होतं. डोळे मिटले होते मी. वहिनी सांगत होत्या आणि मी लिहिलं लिहिलं म्हणत होतो. घरी येऊन मनाने भरलं."

आता कुणी हसलं नाही. डॉक्टरने फोन काढला आणि पान मोठं करून बघितलं.

"इथे लिहिलंय, उजवं सहा, फुल, दीडशे. मी इथे गाडी सोडणार होतो." त्याने वर बघितलं. "तिथे खरं काय आहे?"

सात नंबरच्या गाडीत एक शिक्षक जोडपं होतं. बाईंनी आपली वही काढून पान शोधलं, ओळीवर बोट ठेवलं.

"डावं दोन," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या अंगाला नाला."

"अरे माणसा," मागून कुणीतरी म्हणालं. बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वहिनींनी वळून बघितलं नाही. हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं, इतकंच.

साहेब खुर्चीवरून उतरले. "बाई, तुमची वही धड आहे ना? सांगा याला. आणि तू लिही. सगळ्यांसमोर. डोळे उघडे ठेवून."

मग मोती तंबूतल्या टेबलापाशी बसला. बाई एकेक वळण सांगत होत्या, तो लिहीत होता, आणि भोवती सोळा गाड्यांची माणसं चिखलाच्या बुटांनी उभी. प्रत्येक ओळीनंतर बाई वाकून तपासायच्या, शाळेत तपासतात तशा. अक्षर पार बिघडलं. डॉक्टर एकदा म्हणाला, "हा तीन आहे की पाच?" आणि मोतीने "तीन" म्हटल्यावर त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली, तेव्हा कुठे त्याने फोटो काढला.

तो गाडीपाशी आला तेव्हा वहिनी टायरमधला चिखल काडीने काढत होत्या. काही गरज नव्हती, दहा पावलांत परत भरणार होता.

"वहिनी."

"पोट बिघडलं होतं तर थांबा म्हणायचं. मी थांबवली नसती का गाडी?"

"थांबवली असती."

"मग?"

त्याने वहीचा कोपरा दुमडला, परत उलगडला.

"बरं, गाडीत लाज वाटली असेल. समजू शकते." काडी मोडली, त्यांनी दुसरी घेतली. "काल स्वयंपाकघरात? मी विचारलं होतं तुम्हाला, मी हे म्हटलं होतं का म्हणून. तेव्हा पोट ठीक होतं ना?"

मोतीचं नाक वाहायला लागलं, ते त्याने बाहीला पुसलं.

"तुम्ही दुसरं कुणी घेऊन जा," तो म्हणाला. "कुणीही येईल तुमच्याबरोबर."

"नियम वाचले नाहीत वाटतं. ज्याचं नाव दिलंय तोच बसणार. नाहीतर गाडी बाद." त्या उठल्या, हात पॅन्टला पुसले. "दोन वर्षं घातलीत मी या गाडीत, भाऊजी. बसा."

तो बसला. पट्टा लावला. त्याच्या नव्या पानांवर चिखलाचा अंगठा उमटला.

झेंडा पडला. पहिले सहा किलोमीटर तो वाचत गेला आणि वहिनी सोडत गेल्या. चिखल काचेवर फाटकन यायचा, वायपर तो पसरवायचा, पुढचं काही दिसायचं नाही आणि तरीही गाडी वळणाआधीच वळायला लागलेली असायची. उजवं चार, तीस. डावं दोन, आत राहा. गाडी बरोब्बर आत. तेवढ्यापुरतं मोती सगळं विसरला.

मग झाडी आली. त्याने पान उलटलं.

"डावं चार, पन्नास," तो ओरडला. खरं होतं ते. बाईंनी तपासलेलं.

वहिनींनी पाय उचलला. गाडी हळू झाली. त्या पुढे वाकल्या, काचेतून बघितलं, वळण डावं होतं, चारचंच होतं. मग घेतलं.

"उजवं तीन, चाळीस."

परत पाय उचलला. परत वाकून बघितलं.

"वहिनी, हे बरोबर आहे. शपथ."

"वाचा तुम्ही."

तो वाचत राहिला. आवाज चढवून, स्पष्ट, एकेक आकडा तोडून. बरोबर वळणं, बरोबर मीटर. आणि प्रत्येक वळणाआधी वहिनी गाडी हळू करत होत्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघत होत्या आणि मगच वळवत होत्या. मागून बारा नंबरची गाडी आली, दिवे मारले, चिखल उडवत बाजूने पुढे निघून गेली. दारावरचा आकडा मोतीला क्षणभर दिसला. मग तेराही गेली.

"डावं दोन," तो म्हणाला. "बाहेरून नाला."

वहिनींनी गाडी जवळजवळ थांबवली. उजवीकडे गढूळ पाणी खळाळत होतं. दोघांनी ते बघितलं. मग त्यांनी पहिला गिअर टाकला.

त्या दोन पानांचा अजून दीड किलोमीटर बाकी होता. त्याने पुढची ओळ वाचली.