मंडईची तारीख

हेमेंद्र नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आधीच कबूल करतो. आम्ही एकाच वर्गातले; शाळेत पहिला तो, कबड्डीत पुढे तो. मागून त्याने आईवडिलांनाही तिकडे नेलं आणि घराला कुलूप लावलं. आता आमचं गाव मुर्री फक्त आपलं, असं मी मनात म्हटलं.

२०१६ साली मी ‘आपली मुर्री’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. शेजारच्या कुडव्याला माझं मोबाइल रिचार्जचं दुकान, त्यामुळे निम्म्या गावाचे नंबर माझ्याकडेच. नागपूर, रायपूर, दुर्ग, जिथे गावचं माणूस सापडलं तिथून त्याला ओढून आणलं. रोज सकाळी दुकानात जाताना मी धानाच्या बांधीचा फोटो टाकायचो. बाहेरचे लोक लिहायचे, ‘टेकचंदभाऊ, गाव आठवलं.’ सहा महिने माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग हेमेंद्र ग्रुपमध्ये आला. एका दुपारी त्याने एवढंच लिहिलं, ‘उदाराम गुरुजींची छडी कोणाकोणाच्या पाठीवर बसली आहे?’ एकशे बारा उत्तरं आली. त्यातलं एक माझ्या बायकोचं, प्रेरणाचं होतं आणि तिचं माहेर तर कोहमाऱ्याचं, ती गुरुजींच्या शाळेत कधी गेलीच नव्हती. माझ्या फोटोला त्या दिवशी दोन अंगठे मिळाले.

“तुमच्या पोटात कायले दुखून राहिलं?” प्रेरणाने हसत विचारलं.

“काही दुखत नाही,” मी म्हटलं. चांगलंच दुखत होतं.

आठ दिवसांनी मी दुसरा ग्रुप काढला, ‘असली मुर्री’. यात गावात राहणारेच. पहिल्याच दिवशी लिहिलं, ‘पुण्यात बसून गावाचा उमाळा आणणं सोपं आहे. नाली तुंबली की कोण येते?’ लोकांना ते पटलं, कारण नाली खरंच तुंबलेली होती. महिनाभरात पारावरची भाषा बदलली. ‘ते बाहेरचे’, ‘आपण इथले’. तिकडून कोणीतरी आम्हाला ‘कुंपणातले सरडे’ म्हटलं. ते मीच इकडे आणून टाकलं आणि आणखी तेल ओतलं. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य होतं आणि सासरी गेलेल्या लेकी नवऱ्यामुलांसह त्या दिवशी माहेरी येतात. त्या वर्षी आमची मंडई रविवारी ठरली होती. हेमेंद्रने जुन्या ग्रुपवर लिहिलं की तो येतो आहे आणि मंडईच्या मंचावर उदाराम गुरुजींचा सत्कार करणार आहे. त्याच्या हातात माइक, सगळं गाव समोर बसलेलं, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला जेवण गेलं नाही.

ऐन वेळी दंडारवाल्यांना रविवार जमेना. मंडई शुक्रवारी घ्यायचं ठरलं. मंडई समितीचे टिकारामजी मला म्हणाले, “तुह्याकडे ग्रुप आहे ना बाप्पा, तूच सगळ्याईले सांगून दे.”

मी ‘असली मुर्री’वर सांगितलं. जुन्या ग्रुपवर टाकलं नाही.

आईने विचारलं, “अल्काले सांगतलं ना?” अल्का माझी धाकटी बहीण, दुर्गला दिलेली.

“ग्रुपवर टाकलं,” मी म्हटलं.

अल्काला एकटीला फोन करावा, असं दोनदा मनात आलं. पण तिचा स्वभाव मला माहीत. मी फोन ठेवायच्या आत तिने ते जुन्या ग्रुपवर लिहिलं असतं आणि हेमेंद्रने शुक्रवारची गाडी पकडली असती. मी फोन केला नाही. गावात इतर कोणीही केला नाही. ग्रुपवर गेलं म्हणजे पोचलं, असंच सगळे समजून होते.

शुक्रवारी मंचावर माइक माझ्या हातात होता. गुरुजींच्या गळ्यात हार मीच घातला. टाळ्याही पडल्या. पण समोर बायका कमी होत्या, पोरं तर त्याहून कमी. घरोघरी म्हाताऱ्या दारात उभ्या राहून रस्ता बघत होत्या. आईने जावयासाठी एक कोंबडा राखला होता. तो तिने कापू दिला नाही.

“अल्का आल्यावर,” ती म्हणाली.

रविवारी, जुनी तारीख धरून, लेकी, जावई, हेमेंद्र असे बाहेरचे सगळे आले. मंडईच्या मैदानावर द्रोण आणि कागद उडत होते. अल्का दोन्ही पोरांचे हात धरून मधोमध उभी होती. तिने पोरांना आकाशपाळणा कबूल केला होता.

“भाऊ, तुले तर मालूम होतं,” ती एवढंच म्हणाली.

हेमेंद्र रागावला असता तर मी भांडलो तरी असतो. तो रागावला नाही. तो तडक गुरुजींच्या अंगणात गेला, त्यांना शाल दिली आणि खाली बसून पाठ पुढे करत त्यांची छडी मागितली. हसणं ऐकून एकेक घर तिकडे लोटलं, इथले आणि बाहेरचे सगळेच. माझी आईही गेली. तासाभराने ती हेमेंद्रचा हात धरून त्याला आमच्या घरी घेऊन आली. त्याच्या घराला कुलूपच होतं.

कोंबडा शिजला. हेमेंद्र अल्काच्या पोरांना मांडीवर घेऊन जेवत होता आणि अल्का शुक्रवार विसरून हसत होती. त्याच्या ताटाकडे मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. आईने मला रस्सा वाढला.

“टेकचंद,” ती म्हणाली, “पुढच्या साली तारीख सांगाचं काम हेमेंद्रलेच दे. त्याच्या घराले कुलूप आहे, पण त्याले सगळ्याईच्या पोरी आठवतात.”

सगळे जेवत होते. मी मान खाली घातली आणि ‘हो’ म्हटलं.