बेल्जियमची गाडी

मारुतीरावांनी एका हाताने गाडीचं मागचं चाक जमिनीवरून उचललं, क्षणभर तसंच धरलं आणि सोडून दिलं. गाडी दोनदा डोलून स्थिर झाली.

ही शर्यतीची गाडी की बाळाचा पाळणा, असं त्यांनी विचारलं तेव्हा वर्कशॉपमधली माणसं हसली. निपाणीचा कृष्णातही कसंनुसं हसला. गाडी त्याची होती.

बेल्जियममधल्या एका कारखान्याने ती आपल्या रायडरसाठी मुद्दाम बांधली होती आणि तिच्यावर त्याने मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरच्या मोटरसायकल शर्यतींचं, अजिंक्यपद मिळवलं होतं. काही वर्षांनी, त्र्याऐंशी साली, तंबाखूच्या धंद्यातल्या ओळखीतून ती कृष्णातकडे आली. पहिल्याच आठवड्यात त्याने ती पाडली आणि मनगट मोडून घेतलं. गळ्यात हात अडकवून तो उद्यमबागेतल्या मारुतीरावांच्या वर्कशॉपमध्ये आला होता, चेन धरून ठेवणारी मोडकी पट्टी नवी करून घ्यायला.

इंजिनाचं कवच मॅग्नेशियमचं. बोल्ट टायटॅनियमचे. फ्रेमच्या नळ्या इतक्या पातळ की टिचकी मारली तर वाजत. एरवी गाडीला मागे दोन बाजूंना दोन शॉकअप असायचे, तर इथे सीटखाली आडवा एकच. मारुतीराव एकेका भागावर बोट ठेवत आणि नाक मुरडत. भिंतीशी त्यांनी स्वतः बांधलेली गाडी उभी होती. देशी टू-स्ट्रोक इंजिन, पाण्याच्या पायपांची फ्रेम, सांध्यासांध्यावर जाड पत्रा. इतक्या वर्षांत तिचा एक वेल्ड निघाला नव्हता.

ती जिंकलीही कधी नव्हती. त्याचं कारण मारुतीरावांच्या मते त्यांचा धाकटा भाऊ, गुंडू. शर्यत कोल्हापूरची असो की पुण्याची, उंचवटा आला की गुंडू वेग कमी करायचा आणि मागे पडायचा. गाडीत लोखंड आहे, चालवणाऱ्यात नाही, हे मारुतीराव चारचौघांत सांगत. गुंडू ते ऐकून चाकाचा चिखल काढत बसे.

पट्टी बसल्यावर कृष्णातने गुंडूला गाडी चालवून बघायला सांगितलं.

"ह्यो?" मारुतीराव म्हणाले. "ह्यो टेकाड बघून घाबरतोय. गाडी धड न्यायची हाय न्हवं घरला?"

कृष्णातने ऐकलं नाही. मग फरक कळू दे म्हणून मारुतीरावांनी आपलीही गाडी टेम्पोत चढवली आणि सगळे कंग्राळीच्या माळावर गेले.

पहिली फेरी गुंडूने जपून मारली. दुसरीला मातीचा उंचवटा आला, तरी इंजिनाचा आवाज उतरला नाही. गाडी वर गेली, खूप वेळ वर राहिली आणि खाली आली. मागचं चाक सीटखाली वीतभर आत गेलं, सावकाश बाहेर आलं, आणि गुंडू तसाच पुढे निघून गेला. पुढच्या फेरीलाही तेच. कृष्णात मोडका हात विसरून टाळी वाजवायला गेला.

गुंडू थांबला तेव्हा मारुतीराव म्हणाले की असल्या गाडीवर तंबाखूचं पोतं बसवलं तरी उडेल.

गुंडूने हेल्मेट काढलं.

"अण्णा, खाली आल्यावर पाठीत काय झालंच न्हाय."

"मग? काय व्हायला पायजे हुतं?"

गुंडूने त्यांच्याकडे बघितलं आणि तो हातमोजे काढू लागला.

आपला हात बरा होईपर्यंत या गाडीवर शर्यती गुंडूनेच माराव्यात, असं कृष्णातने सुचवलं. मारुतीराव म्हणाले, न्या की. आमच्याकडं तरी त्यानं काय उजेड पाडलाय.

गुंडू आणि वर्कशॉपमधली माणसं बेल्जियमची गाडी टेम्पोत चढवू लागली. मारुतीराव आपल्या गाडीपाशी आले. ती त्यांनी बांधली होती, रस्त्यावर फिरवली होती, उंचवट्यावरून मात्र कधी नेली नव्हती. शर्यतीच्या मैदानात ते नेहमी दोरीच्या बाहेर उभे असत. त्यांनी किक मारली आणि ते सरळ उंचवट्याकडे निघाले. वेग कमी केला नाही.

गाडी फार वर गेलीच नाही. खाली आपटली तेव्हा मागचं चाक चार बोटं दबून अडलं, आणि उरलेला सगळा मार माकडहाडातून निघून मानेपर्यंत गेला. दातावर दात आपटले. एकही वेल्ड निघाला नव्हता. पुढे कशीबशी गाडी थांबवून ते तसेच बसून राहिले.

गुंडू धावत आला.

"लागलं काय, अण्णा?"

"न्हाय," मारुतीराव म्हणाले.

पण त्यांना उतरता येईना. गुंडूने एका हाताने हँडल धरलं आणि दुसरा हात त्यांच्यापुढे केला.