वैशाखऱ्याची फूलकात्री

मित्रांनो, जरा नीट बसा आणि माझ्याकडे पाहा. धार बोथट झाली आहे, एका मुठीवरचे चिंध्यांचे वेटोळे काळे पडले आहे. पण म्हणून मला भंगारातली समजू नका. मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे, न्हाव्याचीही नव्हे. मी फुलांची कात्री आहे. मुरबाडच्या एका लोहाराने मोडक्या कानशीच्या पोलादातून मला घडवले. माझी पाती आखूड आहेत आणि टोकाशी किंचित वाकलेली आहेत. तो बाक चुकून आलेला नाही. पाकळी गोलाईने कापली जावी, म्हणून तो मुद्दाम मागून घेतलेला आहे.

मला घडवून घेतले सावळारामाने, आपल्या बायकोसाठी. वैशाखरे हे मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. तिथे सावळारामाची भाताची शेती होती. त्याची बायको सुंदरा शहापूरजवळच्या सापगावची. माहेरी असताना ती गणपतीच्या मखरासाठी कागदाची फुले करायला शिकली होती. सासरी आल्यावर तिने पिठाच्या खळीने पहिले फूल चिकटवले, तेव्हा सासूबाई हिराबाई दारात उभ्या होत्या.

"भात सोडून कागद कापतेस," त्या म्हणाल्या. "खाशील काय? कागदाचा भात?"

"आये, तो भात शिजवायला लाकडं नाय लागत," सावळाराम म्हणाला, आणि मार खाण्याआधी अंगणात पळाला.

हिराबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी ते फूल फेकलेही नाही. देवळीत ठेवले.

सुंदरेला बाजारातला झिरझिरीत रंगीत कागद आवडत नसे. तो वळवला की फाटे आणि हाताला घाम आला की रंग सोडी. सावळाराम तांदूळ घेऊन घाट चढून जुन्नरला जाई. तिथे काही घरी अजून हाताने कागद करत. जुन्या चिंध्या आणि तागाचे तुकडे कुटून केलेला तो जाड, ओबडधोबड कडांचा कागद तो पाठीवर बांधून आणी. सुंदरा तो पळसाच्या फुलांत, कुसुंब्यात आणि निळीत बुडवून दोरीवर वाळवी. मग माझे काम सुरू होई. मी पाकळी कापायची. नंतर तीच पाकळी माझ्या पाठीवरून अशी ओढायची की ती आपोआप कळीसारखी वळावी. त्या कागदाची वळलेली पाकळी पुन्हा सरळ होत नसे.

दुसरे सामान होते बुरणूस. बुरणूस विणत नाहीत. लोकर भिजवून, मळून आणि थापून ते जाड कापड करतात. मुरबाडच्या बाजारात एक पिंजारी त्याचे उरलेसुरले तुकडे विकी. बुरणूस कापले तरी त्याचा धागा सुटत नाही, त्यामुळे पाकळीची कड शिवावी लागत नाही. हे सुंदरेच्या लक्षात आले आणि तिने तान्ह्या मुलांच्या कुंच्यांवर लोकरीची फुले बसवायला सुरुवात केली. लोकर कापताना माझ्या सांध्याला कळ लागे. पण त्या फुलांचे कौतुक ऐकले की मी ती कळ विसरून जाई.

धंदा असा उभा राहिला. मांडवाची तोरणे, मुंडावळ्या आणि भेंडाच्या हलक्या गाभ्यावर कागदी फुले बसवलेली बाशिंगे होऊ लागली. सुंदरेने शेजारच्या जिवलीला हाताशी घेतले, मग आणखी बायका आल्या. गोठ्याशेजारच्या पडवीत त्यांची बैठक भरे. नव्या बाईला सुंदरा कात्री देत नसे. आधी पाकळ्या वळायच्या, मग देठ गुंडाळायचे. हात बसला म्हणजेच कात्री मिळायची. वाकडे फूल दिसले की ती स्वतःच्या हाताने फाडी.

"मेली चांगलं फूल फाडते," जिवली कुरकुरे.

"चांगलं असतं तर फाडलं असतं क?" सुंदरा म्हणे. "नवरीच्या कपाळाला लागायचं हाय ते. तुज्या म्हशीच्या नाय."

शहापूरचा देवराम लग्नाचे सामान विकणारा दुकानदार होता. तो पहिल्यांदा आला तेव्हा एक पळसरंगी झेंडू उचलून त्याने नाकाशी नेला आणि पडवीतल्या बायकांमध्ये हशा पिकला. स्वतःही हसून तो म्हणाला, "वयनी, माजं नाक फसलं, तर गिऱ्हाईक का नाय फसनार?" त्या दिवसापासून सुंदरेचा माल आसनगावच्या पलीकडेही जाऊ लागला. मग महायुद्ध सुरू झाले, परदेशी रंगीत कागद यायचा थांबला, आणि आमच्या हातकागदाच्या फुलांची मागणी पुरी करता येईना. हिराबाई विहिरीवर 'आमची सून' असे म्हणू लागल्या. पूर्वी त्या 'सावळ्याची बायको' म्हणत.

आता सांगते ते ऐकताना गडबड करू नका.

त्या युद्धाच्याच काळात, पावसाळा संपता संपता, सावळारामाला ताप भरला. तापावरचे औषध कोयनेल कुठे मिळाले नाही. भात कापणीला आला, आणि सावळाराम गेला.

सुंदरेचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या. ते सगळे मी पाहिले. त्याबद्दल मी बोलणार नाही. महिना गेल्यावर ती पुन्हा पडवीत येऊन बसली आणि तिने मला उचलले. तिची बोटे थंड होती, पण पाकळी पूर्वीसारखीच गोल आली.

लग्नसराई जवळ आली तसा देवराम आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"हिराबाय, वाईट झालं," तो म्हणाला. "पन माल लगनाचा हाय. लोक इचारतात, बाशिंग कुनाच्या हातचं."

"इचारू दे."

"मी खोटं सांगू क? उद्या कुनाच्या घरात काय झालं, तर माज्या दुकानावर येतील. जिवलीनं करावं. वयनीनं हात नको लावाया."

मित्रांनो, तो दुष्ट नव्हता. भ्याला होता. त्याच्या मागे सारा मुलूख भ्याला होता. आणि हिराबाईंना लेकाच्या जाण्याने इतके पोखरले होते की कुणी भीती दाखवली की ती त्यांना खरीच वाटे. त्या उठल्या, पडवीत आल्या आणि सुंदरेच्या हातातून त्यांनी मला काढून घेतले. माझ्या पात्यांत अर्धी कापलेली पाकळी होती. त्यांनी ती ओढून काढली, मला फडक्यात गुंडाळले आणि फडताळात टाकले.

 संध्याकाळी परसात सुंदरा जिवलीशी बोलत होती. घराची भिंत कुडाची होती. पलीकडचे सगळे मला ऐकू येई.

"भात लावायला चालतात माजे हात," ती म्हणाली. "शेन थापायला चालतात. फूल कापायला नाय चालत. मंग मी ह्या घरात कोन गो? गडी?"

"असं नको बोलू."

"दुसरं काय बोलू? ही फुलं मी उभी केली, जिवले."

जिवलीने दुसऱ्या कात्रीने प्रयत्न केला, पण महिन्याभरातच तिने हात टेकले. "तिच्याबिगर मला नाय बसवत पडवीत," ती हिराबाईंना म्हणाली आणि भाताच्या खळ्यावर कामाला गेली. एकेक करून बायका यायच्या थांबल्या. पडवीत पेंढा भरला गेला. एक दिवस गावातल्या एका लेकुरवाळीने कुंचीवरची लोकरीची फुले उसवली आणि तुळशीजवळ ठेवून निघून गेली. ती फुले सुंदरेने उचलली असणार, कारण त्या दिवशी ती जेवली नाही, असे मी हिराबाईंच्या तोंडून ऐकले.

मी फडताळात पडून होते. वापर नसला की लोखंडाला काय होते, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. ते मी अंगावर सोसले. आधी सांधा आखडला, मग पात्यांवर तांबूस पुरळ उठले.

वर्ष सरल्यावर घरात लग्न निघाले. सुंदरेची नणंद, हिराबाईंची धाकटी लेक कमळ, तिचे. मांडव उभा राहिला. बाशिंग देवरामच्या दुकानातून आले. हळदीच्या दिवशी बुधी धवलारीण आली.

धवलारीण म्हणजे कोण, हे तुमच्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, म्हणून सारे विधी पुढे नेणारी बाई. त्या काळी वैशाखऱ्यात बुधीने धवळे म्हटल्याशिवाय हळद लागत नसे आणि अक्षता पडत नसत. बुधी म्हातारी होती, कपाळ रिकामे होते. तिचा नवरा तिच्या तरुणपणीच गेला होता. पण आजवर तिच्या रिकाम्या कपाळाकडे कुणी बोट दाखवले नव्हते, कारण तिच्यावाचून सगळ्यांचेच अडे.

तिने बाशिंग हातात घेतले. त्याचा रंग तिच्या बोटांना लागला, असे मी मागून ऐकले.

"हे कुनी केलं?"

"शापूरचं हाय," हिराबाई म्हणाल्या.

"सुंदरीचं कुठं?"

 मग हिराबाई म्हणाल्या, "तिचं नाय चालत आता."

"का गो हिरा?"

"का म्हंजे? तुला नाय ठावं?"

"मला ठावं हाय म्हनूनच इचारते. माजा दादला जाऊन माजे केस पिकले. गावातली किती लगनं मी लावली. तुज्या सावळ्याचंबी मीच लावलं."

"लावलंस!" हिराबाई ओरडल्या. "नि तो गेला!"

 बुधी ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली आला.

"म्हंजे माज्या तोंडानं गेला तो?"

बुधीने काठी ओढून घेतली.

"तर मंग कमळीचं मी नाय लावत. माज्या तोंडानं तुज्या लेकीचं वाईट नको व्हायाला." ती उठली. तिच्या काठीचा आवाज मांडवातून बाहेर जाऊ लागला. बायका "मावशी, मावशी" म्हणत मागे धावल्या. नवरी होऊन बसलेली कमळ म्हणाली, "आये, बुधीमावशी गेली तर मी हळद नाय लावून घेनार. आनि वयनी आत कोंडून बसली तरी नाय."

 मग हिराबाईंचा आवाज आला, आणि तो मी ओळखला नाही.

"तापानं गेला तो," त्या म्हणाल्या. "बुधे, फीर मागं. माजा सावळ्या तापानं गेला."

काठी थांबली.

पावले घरात आली. फडताळाचे दार उघडले. हिराबाईंनी फडके सोडून मला हातात घेतले, पदराने पुसले, पात्यांना खोबरेल लावले आणि सांधा पुन्हा पुन्हा उघडून मिटून मोकळा केला. मग माजघरात जाऊन मला सुंदरेपुढे धरले. माफी मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "हे रंग सोडनारं बाशिंग लेकीला बांधू क मी?"

सुंदरेने मला घेतले नाही. "इथं आत बसून नाय करनार, आत्याबाय."

"मंग कुठं करशील?"

"मांडवात. सगळ्यांच्या म्होरं."

हिराबाईंनी तिच्याकडे पाहिले. "तर मांडवात कर," त्या म्हणाल्या. "आडवतंय कोन? मी बसते ना बाजूला."

आणि त्या बसल्या. शिल्लक राहिलेला जुन्नरी कागद जिवलीने पेंढ्याखालून काढून आणला. भरल्या मांडवात सुंदरेने मला उघडले. माझी धार पहिल्या पाकळीला अडखळली. तिने ती पाकळी फाडून टाकली आणि दुसरी घेतली. बुधीने धवळा धरला. एका बाईने आपले पोर उचलले आणि ती उठून गेली. बाकीच्या बसून राहिल्या.

सगळे लगेच सुरळीत झाले, असे मी तुम्हाला सांगणार नाही. देवराम कितीतरी दिवस फिरकला नाही. काही घरांनी सुंदरेचे तोरण शेवटपर्यंत दाराला लावले नाही. पण कमळ सासरी नांदली. तिच्या बाशिंगाची फुले पाहून तिच्या सासरच्या बायकांनी विचारणा केली, आणि पडवीतला पेंढा निघाला. स्वराज्य आले त्या वर्षी पडवीत पुन्हा दाटी झाली होती. त्यात कपाळ रिकामे असलेल्या बायकाही होत्या, आणि कात्री कुणाला द्यायची हे पूर्वीप्रमाणेच हात पाहून ठरे.

आता माझे वय झाले आहे. धार लावली तर अजून पाकळी कापीन. तुमच्या घरी एखादे जुने हत्यार असेल, तर ते कोरड्या हाताने धरा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा आणि फडक्यात बांधून विसरून जाऊ नका. एवढे तर कराच, ते काही अवघड नाही. दुसरी गोष्ट अवघड आहे, म्हणून बजावून सांगते. कुणाच्या हातातले काम काढून घेण्याची वेळ तुमच्यावर आली, तर आधी थांबा, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे नीट पाहा.