सोडलं, घेतलं

“सोडलं!” फोनवर चिमणी ओरडली.

“घेतलं!” किल्लेदार तिच्या वरताण ओरडले आणि त्यांनी बटण दाबलं.

समोरच्या स्क्रीनवर रिपोर्ट धावू लागले. रक्त, लघवी, साखर, थुंकी. सगळ्या इस्पितळांच्या प्रयोगशाळांचं काम चार दिवसांनी त्यांच्या सर्व्हरच्या खोलीत परतलं होतं. “आल्या बाई एकदाच्या माहेरी,” ते स्वतःशीच म्हणाले.

खोलीतल्या जुन्या वायरी बदलायच्या म्हणून चार दिवस सगळं काम दूरच्या दुसऱ्या केंद्रावर पाठवलं होतं. ते केंद्र चिमणी सांभाळायची. नवी होती तेव्हा दिवसभर चिवचिव करायची, म्हणून किल्लेदारांनी ठेवलेलं नाव. आता तिच्या हाताखाली चांगली माणसं होती, तरी यांच्या लेखी ती चिमणीच. आणि खोलीची किल्ली कुणाच्या हाती लागू देत नाहीत म्हणून हे किल्लेदार.

सोडलं-घेतलंची पद्धत त्यांचीच. एकच काम दोन्हीकडे चालू राहिलं, तर खरा रिपोर्ट कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून आधी आपल्याकडचं बंद करायचं, मग तोंडाने ‘सोडलं’ म्हणायचं, आणि ते कानांनी ऐकल्याशिवाय समोरच्याने बटणाला हात लावायचा नाही. ओरडायचं, कारण खोलीतले पंखे सदा घोंघावत असत. किल्लेदार घरीसुद्धा ओरडूनच बोलत. “हळू बोला ना, ऐकू येतंय मला,” बायको म्हणायची.

आता तसं म्हणायला घरी कुणी नव्हतं. मागे एकदा अशीच खोली बंद ठेवावी लागली होती. बाकी सगळं दुसरीकडे चालायचं, पण प्रयोगशाळांचा जुना प्रोग्रॅम भलता हट्टी. या खोलीबाहेर तो पाऊल टाकत नसे. तो दोन दिवस बंद राहिला आणि नेमकी तेव्हाच बायको इस्पितळाच्या बाकावर रिपोर्टची वाट बघत बसलेली. रिपोर्ट वेळेवर मिळाला असता तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. किल्लेदारांनी मान डोलावली, पण ते काही त्यांच्या गळी उतरलं नाही. ती गेल्यावर ते हात धुऊन त्या प्रोग्रॅमच्या मागे लागले. महिनोन्महिने डोकं फोडून त्यांनी त्याला दुसऱ्या केंद्रावर चालतं केलं. या चार दिवसांत एकाही माणसाचा रिपोर्ट अडला नाही.

दार ढकलून साहेब आत आले. ते सहसा इकडे फिरकत नसत. त्यांना इथला गारठा सोसायचा नाही.

“कमाल केलीत हां, किल्लेदार. चार दिवसांत एक तक्रार नाही!”

“आपली कृपा.”

“म्हणूनच वरून निरोप आलाय. बाकीचं काही परत आणू नका. जे आणलंय तेही पाठवून द्या. ही खोली ठेवली होती ती त्या एका प्रोग्रॅमपायी. तो तिकडे चालतोय म्हटल्यावर दोन-दोन संसार कशाला? आजच बंद करा सगळं.”

“आणि या नव्या वायरी?”

“त्यांचं बघू काहीतरी.”

“आणि मी?”

साहेबांनी तळहात एकमेकांवर चोळले. “तुमचंही बघू. आधी हे उरका.”

साहेब गेले. वायरींना आणि आपल्याला एकच उत्तर मिळालं, हे किल्लेदारांना फार लागलं. लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. यांनी तो धोंडा महिनोन्महिने घासूनपुसून चकचकीत केला होता.

फोन वाजला.

“सर, कळलं मला,” चिमणी म्हणाली. “ऐका माझं. प्रोग्रॅम इकडे नीट चालत नाही म्हणून सांगा, मीही तेच सांगते. अर्धा दिवस बंद पडू दे. बोंबाबोंब झाली की झक मारत खोली ठेवतील.”

खोली राहिली तर उद्या सकाळी उठून कुठे जायचं, हा किल्लेदारांचा प्रश्न मिटत होता. घरी एक कप विसळायचा, एक ताट घासायचं आणि मग दिवसभर भिंतीकडे बघायचं. मोह झाला, चांगलाच झाला.

“अर्धाच दिवस ना?” त्यांनी विचारलं.

“अर्धाच.”

स्क्रीनवर रिपोर्ट सरकत होते. प्रत्येकाच्या पलीकडे एक बाक होता.

“नको गं,” ते म्हणाले. “कुणीतरी बसलेलं असतं तिकडे.”

“बरं. सोडा मग,” चिमणी म्हणाली.

त्यांनी भराभर हात चालवले. प्रोग्रॅम थांबवला. मग एकेक यंत्र बंद केलं, शेवटी मोठा खटका खाली ओढला. पंखे हळूहळू थांबले. किल्लेदारांनी फोन तोंडाशी धरला.

“सोडलं!”

आवाज चारी भिंतींवर आपटला. ते स्वतःच दचकले.

“हळू बोला ना, सर,” चिमणी रडवेल्या आवाजात म्हणाली. “ऐकू येतंय मला.”

किल्लेदारांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“घेतलं,” ती म्हणाली.

त्यांनी फोन ठेवला आणि बाहेर येऊन दार ओढलं. सवयीने कुलपात किल्ली फिरवली, मग पुन्हा उलटी फिरवून दार उघडं केलं. किल्ली तशीच कुलपात राहू दिली आणि ते जिन्याकडे निघाले.