तिसऱ्या कडव्याचा ब्रश

छत्रीची एक काडी. मोडलेली नाही, मुद्दाम वाकवलेली.

भुरे केस, पाऊण इंच लांब, साधारण दोनशे. मोजलेले नाहीत.

"हे मुंगूस होय का?"

बांधीतल्या बगळ्या रे, बांधीतल्या बगळ्या रे, बांधीतल्या बग

अकरा महिन्यांचं एक डोकं, नुकतंच तुळतुळीत झालेलं, त्यावर हळदीचं एक बोट.

सोमवार, सकाळी साडेनऊची बस.

सुया शिल्लक: एक.

*

आता नीट.

सोमारीबाई अडुसष्ट वर्षांची आहे. सतरा वर्षांची असताना तिला, कमळाला आणि गावातल्या आणखी चौघींना जीपमध्ये कोंबून नागपूरला नेलं होतं. रोवण्याचं गाणं रेकॉर्ड करायला. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावताना बाया जे गातात, ते गाणं. कडवी तीन. पहिली दोन सगळ्यांनी मिळून, तिसरं सोमारीनं एकटीनं. साथीला तिथलाच एक पेटीवाला.

चार महिन्यांनी गावात रेकॉर्ड आली. एकच आली. तिला तेव्हा तवा म्हणत, वारलूभाऊ अजूनही म्हणतात. त्यांच्या घरी राइस मिल होती आणि मिलच्याच शेडमध्ये तवे वाजवायची मशीन. सगळं गाव शेडमध्ये. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसरं

खर्रर्रर्रर्रर्रर्र.

संपेपर्यंत तेच.

कमळा सगळ्यांसमोर म्हणाली, "इथी विसरली ते. उभीच राह्यली."

बस. तेव्हापासून सोमारीचं नाव विसरली. विसरलीचं घर, विसरलीची गाय, विसरलीचा नवरा. तिच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा ती नाव घेण्याआधीच वऱ्हाडातून कोणीतरी ओरडलं, "विसरन ते!" आणि ती खरंच विसरली.

एकावन्न वर्षं.

आणि आता कमळा चालली होती. मुलाकडे, भद्रावतीला, फॅक्टरीच्या कॉलनीत. कायमची. सोमवारच्या बसनं.

"मी गायली होती," सोमारी नातीला म्हणाली. "मले आठवते. मी तोंड उघडलं होतं."

"मंग?" करिष्मानं विचारलं.

"मंग बंद भी केलं असन. कोणी तोंड उघडं ठेवते का?"

"सोड ना आजी. आता कोणाले काय पडलं आहे?"

"कमळीले पडलं आहे. ते गेली तं मी कोणाले ऐकवू?"

*

करिष्मा सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात काम करते. एका जातीच्या भाताच्या फुलातून पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग त्यावर झटकायचे. फूल तांदळाएवढं. त्यामुळे बारीक काही दिसलं की तिची बोटं आपोआप चिमट्यासारखी होतात.

मंगळवारी ती भिंग घेऊन वारलूभाऊंच्या मशीनजवळ बसली. मशीन चालू, शेजारी मिल चालू, शेडमध्ये कोंडा असा तरंगत होता की उन्हाला पण खाज सुटावी. करिष्मानं डोळा सुईवर ठेवला.

पहिलं कडवं: सुईच्या टोकाशी कोंड्याचा एक कण.

दुसरं कडवं: कणाला भाऊबंद मिळालेले. त्यांचा गोळा झालेला.

तिसरं कडवं: सुई तव्यावर नव्हतीच. कोंड्याच्या गादीवर बसून ती फिरत होती, बैलगाडीतल्या पाहुण्यासारखी.

"आजी!" करिष्मा ओरडली. "तू विसरली नाई! तुले कोंड्यानं खाल्लं!"

"मले माहीत होतं," सोमारी म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

"आधी पुसून घेऊ ना तवा," ती पुढे म्हणाली.

"एकावन्न वर्ष पुसून राह्यलो," वारलूभाऊ म्हणाले. "धूळ आधी नसते वो. गाण्यासंगं येते."

"मंग मिल बंद करा."

"नोव्हेंबर होय. बाहेर चाळीस पोते उभे आहेत. अन् बंद केली तं वरून पडते. चालू असली तं खालून उडते."

"मशीन आमच्या घरी नेऊ."

"नेली होती एकदा. मूल गावी, एका लग्नात. नवरदेव बसला तिच्यावर."

आणि सुई एकच. जुन्या सुयांची डबी त्या नवरदेवाबरोबरच गेली होती, म्हणजे कशी ते वारलूभाऊ सांगत नाहीत.

तेव्हा करिष्माला फोनवर पाहिलेलं काहीतरी आठवलं. परदेशात लोक मशीनवर दुसरा एक बारीक हात बसवतात. त्या हाताच्या टोकाला ब्रश. तवा फिरतो, ब्रश सुईच्या पुढे पुढे झाडत चालतो, सुई मागून गात येते. विकत मिळतो. सोमवारपर्यंत सिंदेवाहीत येत नाही.

"म्हणजे राजाच्या पुढे झाडूवाला," वारलूभाऊ म्हणाले.

"हो."

"तं बनव."

*

हात लगेच झाला. छत्रीची काडी, तिच्या पोटाशी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलीचा तुकडा, त्यात उभी टाचणी, टाचणी मेणाच्या गोळ्यात रोवलेली. मागच्या टोकाला सायकलचा नट, म्हणजे पुढचं टोक जड पडत नाही. फुंकर मारली तरी फिरेल असा हात. वारलूभाऊंनी फुंकर मारली. फिरला. पुन्हा मारली. त्या संध्याकाळी त्यांनी दुसरं काहीच केलं नाही.

अडलं ते केसांवर.

ब्रश पहिला. दातांचा, नवा, अर्धा कापून. तव्यावर टेकताच असा आवाज झाला की बाहेरचा बैल उठून उभा राहिला.

ब्रश दुसरा. वारलूभाऊंचा दाढीचा. मऊ, पण दाट. तव्याला ब्रेकच लागला. गाणं हळू झालं, जाड झालं, आणि सहा पोरी सहा वारलूभाऊंसारख्या गाऊ लागल्या. बां…धी…त…ल्या… सोमारी हसून हसून पोत्यावर बसली, पोतं फुटलं, धान सांडलं, ते वेचण्यात बुधवार गेला.

ब्रश तिसरा. बकरीच्या कानावरचे केस. चांगला. फार चांगला. पण बकरीचा वास शेडभर, आणि दुसऱ्या कडव्याला बकरी स्वतः आली.

चौथ्या ब्रशबद्दल बोलायचं नाही असं तिघांचं ठरलं आहे.

शुक्रवार संपला.

*

शनिवारी करिष्माच्या भावाच्या, अजयच्या, मुलीचं जावळ होतं. दिव्यानी, अकरा महिने. पहिले केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात. आत्या ओटी पसरते आणि झेलते. आत्या म्हणजे करिष्मा.

न्हाव्यानं वस्तरा लावला. दिव्यानी रडली, मग वस्तऱ्याकडे पाहून हसली. ओटीत केस पडू लागले. भुरे. रेशमाहून हलके. एकाही केसाचं टोक आजवर कापलं गेलेलं नव्हतं. प्रत्येक केस टोकाकडे निमुळता होत होत शेवटी जवळजवळ नव्हताच. करिष्मानं एक केस बोटांत धरून पाहिला. बोटाला काही कळलं नाही.

तिनं आजीकडे पाहिलं. आजीनं तिच्याकडे पाहिलं.

"देवाले चालन का?" सोमारी कुजबुजली.

"देवानं भी तिसरं कडवं आइकलं नाई ना अजून."

केस नदीत सोडायचे असतात. सोडले. सगळे नाही.

*

रविवारी दुपारी दोन वाजता ब्रश पाचवा तयार झाला. केसांचा झुपका काडीच्या टोकाला रेशमी दोऱ्यानं बांधलेला. सोमारीनं कमळाला निरोप पाठवला: ये, ऐक.

कमळाचा उलट निरोप आला: मले का आइकाचं आहे? मी होती ना तिथी. सामान बांधून राह्यली.

सोमारी पोत्यावर बसून राहिली. कमळाशिवाय ऐकायचं म्हणजे भिंतीला ऐकवायचं. "राहू दे," ती म्हणाली. "ठेवून दे ते केस."

तेवढ्यात वनरक्षक विनोद दोन पोती धान घेऊन मिलमध्ये आला. घरचं धान, घरचा दिवस, पण अंगावर खाकी होतीच. मागच्याच महिन्यात त्याचं प्रशिक्षण झालं होतं: बंदी असलेले मुंगसाच्या केसांचे ब्रश ओळखणे व जप्त करणे. तेव्हापासून त्यानं रांगोळीवालीचा ब्रश तपासला होता, शाळेतला रंगाचा तपासला होता, स्वतःच्या बायकोचा पावडरचा तपासला होता. मुंगूस काही सापडलं नव्हतं.

त्याला ब्रश दिसला. पोती खाली ठेवली.

"हे मुंगूस होय का?"

"दिव्यानी होय," करिष्मा म्हणाली.

"हे कोणतं जनावर?"

*

पंचनामा

आम्ही खाली सह्या करणारे पंच, वनरक्षक यांनी बोलावल्यावरून राइस मिल येथे समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर ठिकाणी एक ब्रश मिळून आला. लांबी छत्रीच्या काडीएवढी. केस भुरे, बारीक, संशयास्पद.

पंच क्र. १: वारलू, धंदा राइस मिल.

पंच क्र. २: (पंच दोन लागतात. सोमारीबाई संशयिताची आजी असल्यानं बाद. आसपासचे सगळे धानाच्या रांगेतला नंबर सोडायला तयार नाहीत. तेव्हा विनोद स्वतः समोरच्या घरी गेला आणि म्हणाला, "कमळाबाई, सरकारी सही पाहिजे." कमळाबाईंनी बांधलेलं सामान सोडलं, नवं लुगडं काढलं, नेसलं.) कमळा, धंदा घरकाम.

विचारणा केली असता करिष्मा यांनी सांगितले की केस बाळाचे आहेत. बाळ हजर करण्यात आले. बाळाच्या डोक्यावर केस नसल्याने तुलना होऊ शकली नाही.

बाळाने वनरक्षक यांची टोपी घेतली.

ती अद्याप परत मिळालेली नाही.

वस्तूचा उपयोग काय, असे विचारता, करून दाखवण्यास सांगण्यात आले.

*

"करून दाखवा," विनोद म्हणाला, पेन उघडं ठेवून.

सोमारीनं कमळाकडे पाहिलं. कमळा पंचाच्या ऐटीत खुर्चीवर बसली होती.

"लाव वो पोरी," सोमारी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता.

वारलूभाऊंनी तवा ठेवला. करिष्मानं ब्रश टेकवला, काही वाटलंच नाही, जसा नसावाच. मग सुई.

बांधीतल्या बगळ्या रे, कोणाची वाट पाहतं

सहा पोरी. ब्रश पुढे, सुई मागे. शेजारी मिल धडधडत होती, कोंडा उडत होता, तव्यावर पडत होता, आणि दिव्यानीचे केस तो अलगद उचलून बाजूला करत होते.

चिखलात पाय माझा, मन माझं कुठी राहतं

पहिलं कडवं. दुसरं. करिष्माचा डोळा भिंगाला चिकटलेला. सुईचं टोक लख्ख. गोळा नाही, गादी नाही. सोमारीनं वारलूभाऊंचा हात धरला; मग लक्षात आलं की तो विनोदचा आहे; सोडला नाही.

तिसरं.

एक आवाज. एकटा. सतरा वर्षांचा, कोवळ्या काकडीसारखा.

बांधीतल्या

थांबला.

शेडमध्ये कमळाची मान विजयानं वर झाली. "पाह्य. मी सांग—"

खि.

तव्यातून. बारीक. मग नाकातून निसटलेलं आणखी एक. मग

बांधीतल्या बग, बगळ्या, बग खिखि, बांधी

आणि सोमारी हसत होती. सतरा वर्षांची सोमारी फुटून, ओसंडून, श्वास घ्यायला जागा न ठेवता हसत होती, आणि तिच्या मागून दुसरं कोणीतरी डुकरासारखं घुरकलं, एकदा, दोनदा, आणि मग सहाही, आणि पेटी मध्येच पीं करून बंद पडली, आणि कोणीतरी लांबून ओरडत होतं, नंतर कापू, नंतर कापू, चालू ठेवा. नंतर कोणी कापलं नव्हतं.

नागपूरच्या त्या खोलीतलं हसू संपायच्या आत या शेडमध्ये तेच घुरकणं झालं. हुबेहूब. खुर्चीवरून.

"कमळे!" सोमारी ओरडली. "ते तू होय! डुक्कर!"

"मी नाई वो!" कमळा म्हणाली आणि पुन्हा घुरकली, आणि मग तिला बोलताच येईना, नव्या लुगड्याचा पदर तोंडात, पंच क्रमांक दोन खुर्चीवरून घसरत घसरत कोंड्यात. सोमारी तिला उठवायला गेली आणि तीच बसली. दोघी कोंड्यात. विनोद हसता हसता पंचनाम्यावर रेघ ओढून बसला. बाहेर रांगेतले लोक आत काय झालं ते न कळताच हसू लागले.

"मी विसरली नाई," सोमारी डोळे पुसत म्हणाली.

"गायली भी नाई."

"तोंड उघडलं होतं ना?"

"उघडलं होतं. लय उघडलं होतं."

"मंग आता म्हण. सगळ्याईसमोर."

कमळा उठली. लुगड्यावरचा कोंडा झटकला. शेडच्या दारात जाऊन, चाळीस पोत्यांच्या रांगेकडे पाहून ती सरकारी पंचाच्या आवाजात म्हणाली, "आइका! सोमारी विसरली नव्हती! येडी होती!"

सोमारीला चाललं. पुरलं.

"पुन्हा लाव," कमळा आत येत म्हणाली.

"सुई एकच आहे," वारलूभाऊ म्हणाले.

"तिले काय सोबत नेणार आहात?"

सात वेळा लावली. पंचनाम्यात विनोदनं शेवटी लिहिलं की केस मुंगसाचे नसल्याची खात्री झाली, आणि खात्री कशी झाली ती जागा कोरी सोडली. सातव्या वेळी सुई गेली. तोवर तिसरं कडवं सगळ्यांना पाठ झालं होतं, रांगेतल्यांनासुद्धा: बांधीतल्या, खि, बग, बग, घुर्र.

सोमवारी साडेनऊची बस साडेनऊला आली, असं सहसा होत नाही. कमळा खिडकीत, सोमारी खाली.

"पण हासली काऊन वो तू?" कमळानं विचारलं.

"तू नाई का हासली?"

"तू हासली म्हणून."

"मले आठवत नाई," सोमारी म्हणाली.

"विसरली!" कमळा खिडकीतून ओरडली, बस हलली, आणि वळणापर्यंत तिचं घुरकणं ऐकू येत होतं.

नागपूरच्या त्या खोलीत, तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा, पेटीवाल्याच्या टोपीवर पाल बसली होती.