मडगार्ड क्रमांक पीडी/०४१७

माझ्या सायकलच्या मागच्या मडगार्डला कारखान्यात लॉकर मिळाला आणि मला कामावरून काढलं.

हे वाक्य चुकून आधी लिहिलं गेलं. अजून असं काहीही घडलेलं नाही. आपण बुधवारपासून सुरुवात करू. तेव्हा सगळं ठीक होतं, फक्त माझ्या पाठीवर चिखल होता.

मी संघर्ष हिवराळे. हे नाव ठेवून आईवडिलांनी मला फारसा पर्याय ठेवला नाही. जुईनगरला राहतो, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका पापडाच्या कारखान्यात कंत्राटावर पॅकिंग करतो. पांढरा शर्ट, पांढरी पँट. सकाळी गेटवर प्रत्येकाने वॉचमनकडे पाठ करून उभं राहायचं. पाठीवर चिखलाचा ठिपका दिसला की घरी परत. असं तीनदा झालं की कंत्राट संपलं. माझं दोनदा झालं होतं आणि अर्धा ऑगस्ट अजून बाकी होता.

कारखान्यात जाऊन कपडे बदल, असं तुम्ही म्हणाल. त्याला लॉकर लागतो आणि लॉकर फक्त कायम कामगारांना मिळतो. रेनकोट घाल, म्हणाल. रेनकोटात घाम येतो, आणि घामाच्या डागाचा नियम वेगळा आहे. तो चिखलाच्या नियमापेक्षा कडक आहे.

थोडक्यात, माझी नोकरी एका मडगार्डवर टेकलेली होती. पहिलं मडगार्ड मी ऑनलाइन मागवलं होतं. प्लास्टिकचं, चिमट्याने अडकवायचं, पाच तारे मिळालेलं. ते तुर्भ्याच्या दुसऱ्या स्पीडब्रेकरला गेलं. दुसरं बाजारातलं तयार, पत्र्याचं. जुलैपर्यंत त्याला असा गंज चढला की त्यातून पलीकडचा टायर दिसायला लागला. मंगळवारी त्याची तार तुटून चाकात गेली आणि मी कोपरखैरण्याला श्रीखंडाच्या एका होर्डिंगला मिठी मारली.

बुधवारी सकाळी रस्ता कोरडा होता म्हणून गेटवर वाचलो. संध्याकाळी सुटल्यावर, पाठीवर चिखल उडवत, तो अवशेष घेऊन मी शिरवण्याला गोटीराम काकांच्या सायकल दुकानात गेलो. काकांनी मडगार्ड एका हाताने उचललं. ते त्यांच्या दोन हातांत आलं.

"याला मडगार्ड बोलतान?" काका म्हणाले. "यो तर तुज्या कंपनीतला पापड हाय."

"काका, टिकणारं पाहिजे. नोकरीचा प्रश्न आहे."

"नोकरी टिकंल का ते मना नाय म्हायत. मडगार्ड टिकंल."

मग त्यांनी मला शिकवलं. पत्रा नुसता जाड असून भागत नाही, गंज न धरणारा लागतो. टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोट फिरलं पाहिजे, नाहीतर चिखल आत अडकून चाकच धरतं. तारा जाड हव्यात. नटाखाली रबराची चकती हवी, म्हणजे खड्ड्यांत नट सुटत नाहीत. आणि सगळ्यात खाली जुन्या ट्यूबच्या रबराची झडप लटकवायची, ती उरलेला चिखल अडवते. मी सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. बारावीला मी इतक्या नोट्स काढल्या नव्हत्या.

दुकानाच्या मागून काकांनी एक चकचकीत स्टीलचा पत्रा ओढून आणला.

"भंगारवाल्याकरून घेतलाय. कनच्या तरी खायच्या मशीनचा हाय. तू मरशील, यो नाय मरनार."

त्यांनी पट्टी कापली, लोखंडी पाइपवर ठेवली आणि लाकडी हातोड्याने इतकी हळू ठोकत गेले की पत्र्याला कळलंही नसेल की आपण वाकतोय. कडा आत वळवल्या, तारा बसवल्या, झडप लावली. पट्टीच्या खालच्या टोकाला दोन रिवेटांनी ठोकलेली एक पितळी पाटी राहिली होती. तिच्यावर काही आकडे होते.

"काढू?" काकांनी छिन्नी उचलली.

"राहू द्या काका. शो येतो."

हे मीच म्हणालो. कुणी मला धमकावलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी प्रत्येक डबक्यातून मुद्दाम सायकल घातली. गेटवर कृष्णात होता, आमचा कोल्हापूरकडचा वॉचमन.

"फिर," तो म्हणाला. मी फिरलो.

"डाग कुठं हाय रं?"

"नाहीये."

"आसं कसं? रात्रभर पडलाय की."

"नवं मडगार्ड आहे."

तो चमत्कार बघायला सायकलमागे उकिडवा बसला. मग त्याने मान वर करून गेटशेजारच्या भिंतीकडे बघितलं. मग पुन्हा मडगार्डकडे. त्याच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

त्या भिंतीवर दोन वर्षांपासून एक कागद आहे. 'गहाळ: पापड ड्रायर क्र. ३ चा उजवा पत्रा, मालमत्ता क्रमांक पीडी/०४१७. आढळल्यास त्वरित कळवावे.' त्या कागदाखाली मी रोज सायकल लावतो आणि मी तो कधी वाचला नव्हता. कृष्णात मात्र रोज बारा तास त्याच्यासमोर बसतो. बायकोचा फोन नंबर त्याला बघून लावावा लागतो, हा नंबर तोंडपाठ आहे.

"लेका," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "कुठं हुतास दोन वर्सं?"

मी उत्तर देणार होतो. मग लक्षात आलं की तो मडगार्डशी बोलतोय.

प्रशासनाच्या राजलक्ष्मी मॅडम धावत आल्या, छत्री न घेता. दोन वर्षं त्या दर ऑडिटला या पत्र्याबद्दल खुलासा लिहीत होत्या, आणि पुढचं ऑडिट सोमवारी होतं. त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हे तुला मिळालं कुठे?"

"शिरवण्याला. काकांनी भंगारातून आणलं."

"भंगारात आम्ही दिलंच नाही. तसा कागद नाही."

"मॅडम, मी चोरलं नाही."

"अरे, तू तर परत आणलंस! थँक्यू." असं म्हणून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी सुन्न झालो. खरं म्हणजे तेव्हाच पळायला हवं होतं.

संध्याकाळी सुटताना कृष्णात पाना घेऊन उभा होता.

"मडगार्ड न्यायचं तर गेटपास लागंल."

मी मॅडमकडे गेलो. "मॅडम, पास द्या ना."

"मालमत्ता बाहेर नेण्याचा पास कंत्राटी कामगाराला देता येत नाही."

"पण ते माझं मडगार्ड आहे."

"मालमत्तेच्या वहीत तो पत्रा आहे."

"ड्रायरचा पत्रा असा गोल असतो का? त्याला खाली ट्यूब असते का?"

मॅडमनी विचार केला. त्या खरंच विचार करत होत्या, हे मला दिसत होतं. मग त्यांनी वहीत लिहिलं: 'सापडला. अवस्था उत्तम. आकारात किरकोळ बदल.' आणि कृष्णातला सांगितलं, "सोमवारपर्यंत लॉकर नऊमध्ये ठेव. पुन्हा हरवायला नको."

लॉकर नऊला आतून आरसा आहे. मडगार्डला आरसा.

कृष्णातने सगळे नट सोडवले. ट्यूबची झडप तेवढी माझ्या हातात दिली. "ही वहीत न्हाई," तो म्हणाला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

मी थेट शिरवणं गाठलं. गोटीराम काकांनी सगळं ऐकलं आणि हातोडा खाली ठेवला.

"लॉकर दिला?"

"आरशासकट."

काका स्टुलावर बसले. "चालीस वर्सं मडगार्ड बनवतंय मी," ते म्हणाले. "एकाला पन नोकरी नाय लागली."

"काका, उद्या सकाळच्या आत दुसरं होईल? दुसरा पत्रा आहे?"

"हाय ना. तसलाच हाय."

त्यांनी मागून पत्रा आणला. त्याच्या कोपऱ्यात पितळी पाटी होती. आम्ही दोघं खाली वाकलो. पीडी/०४१८. ड्रायर क्रमांक तीन, डावी बाजू.

काकांनी पाटी अंगठ्याने घासून पुन्हा वाचली.

"पोरा," काका शेवटी म्हणाले, "तुजी आक्खी कंपनी माज्या मागच्या खोलीत हाय का रं?"

पाटी काढून लावू, असं ते म्हणाले. पण पत्र्यावर आतूनही तोच नंबर कोरलेला होता. मी नको म्हणालो. बाकी दुकानात पत्रा नव्हता.

शुक्रवारी मी चालण्याच्या वेगाने सायकल चालवली. कॅरियरला पुठ्ठा बांधला होता. घणसोलीला तो भिजून गळून पडला. झडप खिशात होती.

"फिर," कृष्णात म्हणाला. मी फिरलो.

"लेका, सावकास यायचं."

"सावकाशच आलो."

त्याने गेटवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीकडे, मग त्याने डोळे पुसले आणि मॅडमना फोन लावला. कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेषा होती म्हणे, आखून मारल्यासारखी. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. मॅडमनी मला चहा दिला आणि कंत्राट संपल्याच्या कागदावर सही घेतली.

तेव्हापासून मी रोज एक अर्ज देतो. ऑडिट होऊन गेलं, मडगार्ड अजून लॉकरमध्येच आहे. आजचा खाली जोडला आहे.

प्रति, मा. व्यवस्थापक.
विषय: मालमत्ता क्र. पीडी/०४१७ साठी वाहन व चालक मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त मालमत्ता ही मुळात धावण्यासाठी घडवलेली असून सध्या लॉकर क्र. ९ मध्ये विनाकारण उभी आहे. तरी तिला रोज जुईनगर ते रबाळे व परत नेण्यासाठी एक सायकल मंजूर करावी, व सदर सायकल चालवण्यासाठी एक इसम कायमस्वरूपी नेमावा. इसमाची पाठ स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मालमत्तेची राहील. सायकल व इसम अर्जदाराकडे तयार आहेत. झडपही आहे.

कळावे. उत्तर लॉकर क्र. ९ मध्ये ठेवावे, ही नम्र विनंती.