आडवा गुलाब

लीवेन लिननचा व्यापारी. जवसाचं पीक शेतात उभं असतानाच सौदा उरकून मोकळा होणारा. ऐन वेळची धावपळ त्याला मूर्खपणाची वाटे. बायकोच्या मरणाबाबतही त्याने तोच शिरस्ता ठेवला.

अँटवर्पच्या त्या गल्लीत घरोघरी कुटुंबाचं एक फुलांचं चित्र असे. माणसागणिक एक फूल. जिवंत माणसाचं फुलदाणीत उभं, गेलेल्याचं खाली दगडावर आडवं. डिसेंबरात त्याची बायको माख्टेल्ड आजारातून उठून पहिल्यांदा जिना उतरली, तर चित्र भिंतीवर लागलेलंही होतं. भपकेदार ट्यूलिप, म्हणजे नवरा, सगळ्यांत उंच. त्याला टेकून त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाची, योसची, कार्नेशनची कळी. आणि खाली दगडावर तिचा पांढरा गुलाब. दोन पाकळ्या गळलेल्या, एकीवर माशी.

"अहो, मी जिवंत आहे."

"दिसतंय गं. पण वैद्य म्हणाले होते, ही काही नोव्हेंबर काढणार नाही. गुलाब फुलतो जूनमध्ये, म्हणून तेव्हाच काढून घेतला. नाहीतर नंतर चित्रकाराने काय कोबी बघून काढायचा?"

चित्रकार गोमारस समोर नसलेलं फूल रंगवत नसे, हे खरंच होतं. "उभा करून देतो, मालकीणबाई," तो खोकत म्हणाला. "पण ताजा गुलाब हवा. जूनपर्यंत दम धरा."

"मी धरते. तुम्हीच तेवढे टिका."

मग तिने हट्टच धरला. कडू काढे नाक दाबून प्यायली. रोज खिडकीपर्यंत, मग दारापर्यंत, मग अंगणातल्या गुलाबाच्या झुडपापर्यंत चालली. हिमात झुडूप जळू नये म्हणून त्याला पेंढा गुंडाळला. पेंढ्याच्या काड्या योस आणून द्यायचा.

मार्चमध्ये योसचा घसा धरला. चार दिवसांत मुलगा गेला. ती राहिली.

जूनमध्ये झुडूप लगडलं. तिने एक गुलाब कापला आणि गोमारसला बोलावलं. तो रंग घोटत असतानाच लीवेन आला.

"फार काम नाही," तो म्हणाला. "आडवं फूल तयारच आहे, ते योसचं समजू. कळीवरच हिचा गुलाब रंगवून टाका. जागाही तेवढीच आहे."

गोमारसने ब्रश उचलला नाही. तो माख्टेल्डकडे बघत राहिला.

"कळीला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, मग आडवं कोण?"

"मी आहेच की."

"काय बोलतेस! तू जिवंत आहेस."

"गेल्या वर्षीही होते."

गोमारसने ब्रश पुसून गुंडाळले. ती गुलाब मुठीत घट्ट धरून चित्रासमोरच उभी होती, काटे रुतले तरी.  लीवेनने पुढे होऊन पाकळीवरची माशी हाताने हाकलली. माशी हलली नाही.